सगळे कागद खरे, अर्ज खोटा

कर्जाच्या अर्जात एक रकाना असतो: ‘कर्जाचे प्रयोजन’. बाकीचे रकाने तपासता येतात. पगार किती, घर कोणाच्या नावावर, आधीचे देणे किती, जामीनदार कोण, या सगळ्यांना कागद असतो, सही असते, शिक्का असतो. प्रयोजनाला मात्र अर्जदाराच्या शब्दाखेरीज फारसा आधार नसतो. म्हणून जुने शाखाधिकारी नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवत, की आकडे एकदा पाहा, प्रयोजन तीनदा पाहा. खोटा कागद आज ना उद्या सापडतो. पण सगळे कागद खरे आणि अर्ज तेवढा खोटा, असे प्रकरण वसुलीची नोटीस निघेपर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाही.

निवृत्तीनंतर हा रकाना आठवण्याचे काही कारण नव्हते. तो आठवला एका अमेरिकन मालिकेमुळे. ‘ब्रेकिंग बॅड’ तिचे नाव. व्हिन्स गिलिगन या लेखक-निर्मात्याची ही मालिका एएमसी या वाहिनीवर जानेवारी २००८ मध्ये सुरू झाली आणि पाच पर्वे, ६२ भाग होऊन सप्टेंबर २०१३ मध्ये संपली. पुढे २०१६ साली नेटफ्लिक्स भारतात आले आणि अशा मालिका आपल्याकडच्या दिवाणखान्यांत सहज शिरल्या. आमच्या घरी ती आधी मुलाने पाहिली, मग सुनेने, आणि जेवणाच्या टेबलावर रोज तावातावाने वाद होऊ लागले म्हणून शेवटी आम्ही दोघांनी. वाद एकाच मुद्द्यावर होता. या गोष्टीचा जो नायक आहे, किंवा नायक म्हणायचा तर जीभ अडखळते असा जो कोणी आहे, तो घडलेल्या गोष्टींची जी हकिगत सांगतो, तिच्यावर विश्वास ठेवायचा का?

मालिका संपून दहा वर्षांहून अधिक काळ लोटला आहे, तेव्हा शेवट फोडल्याबद्दल कोणी रागावू नये. थोडक्यात कथा अशी. वॉल्टर व्हाइट हा न्यू मेक्सिको राज्यातील ॲल्बुकर्की शहरात शाळेत रसायनशास्त्र शिकवणारा पन्नाशीचा मास्तर. मुलाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी, बायको स्कायलर दुसऱ्यांदा गरोदर, पगार पुरत नाही म्हणून संध्याकाळी गाड्या धुण्याच्या केंद्रावर काम. अशात फुप्फुसाचा कर्करोग निघतो. आपल्यामागे घरच्यांचे काय, या चिंतेने तो जेसी नावाच्या जुन्या विद्यार्थ्याला हाताशी धरतो आणि ‘मेथ’ हे अमली द्रव्य बनवू लागतो. त्याचा साडू हँक हा नेमका अमली पदार्थविरोधी खात्यातला अधिकारी. पुढे पाच पर्वांत मास्तराचा डॉन होतो आणि त्याच्या वाटेत येणारी माणसे मरत जातात.

अशा उलट्या काळजाच्या नायकांची अमेरिकन दूरचित्रवाणीवर रांगच लागली होती. ‘द सोप्रानोज’मधला टोनी मानसोपचारतज्ज्ञ बाईंसमोर बसून आपले दुखणे सांगतो, आणि २००७ साली मालिका संपता संपता त्या बाईंना उमगते की आपल्या उपचारांनी हा माणूस सुधारत नाही, गुन्हेगार म्हणून तरबेज होतो आहे. ‘डेक्स्टर’ तर थेट आपल्या कानात बोलतो. ‘मिस्टर रोबॉट’मधला इलियट आपल्याला मित्र म्हणून हाक मारतो आणि आपल्यापासूनच गोष्टी लपवतो. या तिघांबाबत प्रेक्षक निदान सावध तरी असतो, कारण समोर कोणीतरी बोलत आहे हे त्याला दिसते. वॉल्टर असे काही करत नाही. त्याचे निवेदन नाही, स्वगत नाही. कॅमेरा सगळीकडे फिरतो, साडूच्या कचेरीतही जातो. म्हणजे ही काही वॉल्टरने सांगितलेली गोष्ट नव्हे, असेच वाटते. आणि माझ्या मते फसगत होते ती इथे.

पहिल्या भागाची सुरुवात आठवा. वाळवंटात एक मोडकी गाडी थांबते, विजारीशिवाय एक माणूस बाहेर येतो आणि हातातल्या कॅमेऱ्यासमोर आपले पूर्ण नाव आणि घरचा पत्ता सांगतो. पोलिसांना बजावतो की हा गुन्ह्याचा कबुलीजबाब नव्हे. मग बायकोला आणि मुलाला सांगतो की पुढे माझ्याबद्दल काहीही कानांवर आले तरी माझ्या मनात फक्त तुम्हीच होतात. म्हणजे गोष्ट सुरू होण्याआधीच आरोपीने आपले प्रतिज्ञापत्र दाखल केलेले असते. पुढचे सगळे आपण त्या कागदाच्या उजेडात पाहतो. शिवाय त्याच्या आजाराचे आणि धंद्याचे गुपित आपल्याला ठाऊक असते, त्याच्या बायकोला नसते. एखाद्याचे गुपित सांभाळणारा माणूस आपोआप त्याच्या बाजूचा होतो. स्कायलर जेव्हा विचारते, की रात्रभर कुठे होतास, दुसरा फोन कोणाचा, तेव्हा खरे म्हणजे कोणतीही शहाणी बायको विचारील तेच ती विचारत असते. पण आपल्याला ती अडचण वाटते. आमच्या सौभाग्यवतींना तशी ती एकदाही वाटली नाही, हे नमूद केले पाहिजे. “तिच्या जागी मी असते तर पहिल्याच महिन्यात पासबुक मागितलं असतं,” असे त्या म्हणाल्या.

पण जगभरच्या असंख्य प्रेक्षकांना ती नकोशी झाली होती, इतकी की ही भूमिका करणारी ॲना गन हिने ऑगस्ट २०१३ मध्ये ‘न्यू यॉर्क टाइम्स’मध्ये लेख लिहून या द्वेषाबद्दल जाहीरपणे लिहिले. पात्रावरचा राग नटीपर्यंत पोचला होता. विष बनवणाऱ्या नवऱ्याला सहानुभूती आणि हिशोब विचारणाऱ्या बायकोला शिव्या! प्रेक्षकाने वॉल्टरच्या अर्जावर जामीनदार म्हणून सही केली होती, आणि जामीनदार सहसा अर्ज वाचत नाहीत.

आता वॉल्टरच्या साक्षीकडे वळू. गंमत अशी, की त्याचे तपशील फारसे चुकत नाहीत. तो शास्त्रज्ञ आहे. दुसऱ्या पर्वात एका गुंडाच्या तावडीतून सुटल्यावर, आपण कुठे गायब होतो हे घरी सांगता येईना म्हणून तो स्मृती गेल्याचे नाटक करतो आणि बाजारात नागडा सापडतो. इस्पितळातून सुटका व्हावी म्हणून तो तिथल्या मानसोपचारतज्ज्ञाला, ही गोष्ट बाहेर जाणार नाही याची खात्री करून घेऊन, ‘खरे’ सांगतो. स्मृती गेलीच नव्हती. बायको सात महिन्यांची गरोदर, मुलाला अपंगत्व, मी शिकलेला भरपूर आणि पगार वर्षाला ४३,७०० डॉलर, बरोबरीचे सगळे पुढे निघून गेलेले पाहत बसलो, आणि दीड वर्षाच्या आत मरणार. मी पळालो यात नवल काय?

यातले एकेक विधान तपासा. सगळी खरी. ऐकणाऱ्याला पाझर फुटावा इतकी खरी. खोटे आहे ते फक्त ‘म्हणून पळालो’ हे. पहिल्यांदा पाहताना मी हे दृश्य गमतीचे म्हणून सोडून दिले. दुसऱ्यांदा पाहताना मात्र टिपण करावेसे वाटले, कारण संपूर्ण मालिकेची किल्ली इथे आहे. हा माणूस ‘काय’ सांगतो तेव्हा बहुतेक वेळा त्यावर भरवसा ठेवता येतो. तो ‘का’ सांगतो तेव्हा सावध व्हावे.

पाचव्या पर्वात तर ही हातोटी तो हत्यार म्हणूनच वापरतो. हँकला सत्य कळल्यावर वॉल्टर एक चित्रफीत तयार करतो. पुन्हा तेच पूर्ण नाव, तोच घरचा पत्ता. या वेळी मात्र तो म्हणतो की हा माझा कबुलीजबाब आहे. आणि मग सांगतो की या सगळ्याचा सूत्रधार माझा साडू, मी त्याचा धाकाखाली राबणारा रसायनतज्ज्ञ. त्यातले पुरावे पाहा. हँक त्याला एकदा छाप्याच्या वेळी बरोबर घेऊन गेला होता, हे खरे. हँक जखमी झाल्यावर त्याच्या उपचाराचा खर्च वॉल्टरच्या पैशातून झाला, हेही खरे. हँक बिचारा ती चित्रफीत पाहून थिजतो. खोडून काढायला हातात एकही खोटा कागद नाही! पहिल्या भागातल्या त्या वाळवंटातल्या निवेदनावर आपण विश्वास ठेवला होता. त्याच शब्दांनी सुरू होणारे दुसरे निवेदन ऐकल्यावर पहिल्याचे काय करायचे, हा प्रश्न लेखकांनी आपल्यासमोर न बोलता ठेवून दिला आहे.

मग साक्षीदार खोटा ठरल्यावर जायचे कुठे? बँकेच्या माणसाला विचाराल तर तो म्हणेल, वहीकडे. दुसऱ्या पर्वाच्या आरंभी एका माणसाला डोळ्यांदेखत ठेचून मारलेले पाहिल्यावर वॉल्टर गाडीत बसून हिशोब करतो. मुलांचे कॉलेज, वर्षाला ४५ हजार, दोन मुले, चार वर्षे: ३ लाख ६० हजार डॉलर. घराचे राहिलेले कर्ज १ लाख ७ हजार, घरावरच काढलेले दुसरे कर्ज ३० हजार. घरखर्च महिन्याला दोन हजार, दहा वर्षांचे २ लाख ४० हजार. एकूण ७ लाख ३७ हजार. आठवड्याला ७० हजार मिळाले तर साडेदहा आठवडे, धरा अकरा. मी इतकी कर्जप्रकरणे पाहिली, पण प्रयोजनाचा असा चोख तक्ता क्वचित पाहिला. बेरीजही बरोबर आहे. मी करून पाहिली.

हा आकडा हातात धरून पुढे जा. पहिल्याच पर्वात ‘ग्रे मॅटर’ या कंपनीचे मालक, वॉल्टरचे जुने सहकारी इलियट आणि ग्रेचेन, त्याला उपचाराचा सगळा खर्च देऊ करतात. तो नाकारतो. पाचव्या पर्वात, २०१२ साली, हातातला कच्चा माल विकून टाकला तर तिघा भागीदारांना प्रत्येकी ५० लाख डॉलर मिळत असतात. म्हणजे त्या तक्त्याच्या जवळजवळ सात पट, आणि धोका संपला. वॉल्टर नाकारतो. जेसी चक्रावून कारण विचारतो तेव्हा मास्तर सांगतो, की ‘ग्रे मॅटर’मधला माझा हिस्सा मी पाच हजार डॉलरना विकला होता; आज ती कंपनी २१६ कोटी डॉलरची आहे, आणि तो आकडा मी दर आठवड्याला पाहतो. दर आठवड्याला! ७ लाख ३७ हजाराच्या तक्त्यात या रकमेला ओळ नव्हती. शेवटी स्कायलर त्याला एका भाड्याच्या गोदामात नेऊन नोटांचा ढीग दाखवते. तिला तो मोजताही आलेला नसतो. ती विचारते, आणखी किती झाले म्हणजे पुरे?

असा ढीग मी पाहिलेला नाही, पण हा प्रश्न मी ऐकलेला आहे. तालुक्याच्या एका शाखेत असताना एका कापड दुकानदाराचे खाते थकले. दुकान खरे, परवाना खरा, माल तारण दिला तेव्हा खरा. दर वेळी कर्ज वाढवून मागताना पालुपद एकच: पोराबाळांसाठी. माल कुठे गेला हे शोधता शोधता जिल्ह्याच्या गावी दुसरे दुकान निघाले, दुप्पट मोठे, पाटीवर त्याचे नाव हातभर अक्षरांत. वसुलीसाठी घरी गेलो तेव्हा त्याची बायको दाराआड उभी होती. ती एवढेच म्हणाली, “साहेब, आम्ही कधी मागितलं होतं का हो एवढं?”

आपल्याकडे लहानपणी प्रत्येकाने वाल्याची गोष्ट ऐकलेली असते. एका हत्येला एक खडा, असे त्याने सात रांजण भरले. विचारल्यावर म्हणाला, घरच्यांसाठी करतो. नारदाने त्याला उपदेश केला नाही. फक्त घरी जाऊन विचारून ये म्हणाला, की या पापात वाटा घेणार का? वॉल्टरने वाळवंटात पुरलेल्या नोटांची पिंपेही सातच आहेत. हा योगायोगच म्हणायचा, गिलिगनसाहेबांनी वाल्याची गोष्ट ऐकली असेल असे मला वाटत नाही. फरक एवढाच, की वॉल्टरला नारद भेटला नाही आणि तो घरी विचारायलाही गेला नाही. उत्तर मात्र मिळाले. परागंदा झाल्यावर, शेवटून दुसऱ्या भागात, तो एका खोक्यात एक लाख डॉलर घालून मुलाला पाठवू पाहतो. फोनवर मुलगा ओरडतो, की तुमचे पैसे नकोत, तुम्ही अजून जिवंत कसे, मरा एकदाचे. वॉल्टर खचतो. स्वतःच पोलिसांना फोन करून पकडले जाण्याची वाट पाहत बसतो. तेवढ्यात तिथल्या दूरदर्शन संचावर इलियट आणि ग्रेचेन यांची मुलाखत लागते. कंपनीत वॉल्टरचे योगदान नावापुरतेच, असे ते सांगतात. आणि पोलीस पोचेपर्यंत हा निघून गेलेला असतो. मुलाच्या शब्दांनी जो मोडला, त्याला परत उभे केले ते या अपमानाने.

एवढे झाल्यावर ‘घरच्यांसाठी’ ही निव्वळ थाप, असा शेरा मारून फाइल बंद करावी असे वाटते. आमचा मुलगा तेच म्हणतो. मला मात्र ते पटत नाही, आणि याचेही कारण वहीतच आहे. सप्टेंबर २०१३ मध्ये दाखवलेला ‘ओझिमँडियस’ हा भाग पाहा. गुंड हँकला गोळी घालायच्या बेतात आहेत. हँकने त्याला बेड्या घातलेल्या आहेत, हँक मेला तर तो सुटतो. आणि त्या घटकेला वॉल्टर सातही पिंपांतले आठ कोटी डॉलर साडूच्या जिवासाठी देऊ करतो. आकड्यांवर विश्वास ठेवायचा म्हटले तर या आकड्यावरही ठेवला पाहिजे.

त्याच भागात आणखी दोन प्रसंग आहेत. जेसीची मैत्रीण जेन दुसऱ्या पर्वात झोपेत गुदमरून मेली होती आणि वॉल्टर वाचवू शकत असतानाही शेजारी उभा राहून पाहत राहिला होता. तिसऱ्या पर्वातल्या ‘फ्लाय’ या भागात गुंगीत असताना हे सत्य त्याच्या ओठांवर येते आणि परत फिरते. ‘ओझिमँडियस’मध्ये तो ते सांगतो, जेसीला गुंड फरफटत नेत असताना, केवळ आणखी एक जखम करावी म्हणून. (दोन्ही भागांचा दिग्दर्शक एकच, रायन जॉन्सन.) मग रात्री तो घरी फोन करतो. पोलीस ऐकत आहेत हे त्याला ठाऊक असते. तो स्कायलरवर गरळ ओकतो, की तू मूर्ख, तू मला कधी साथ दिली नाहीस, हे सगळे मी एकट्याने उभे केले. आवाज हिंस्र, आणि चेहऱ्यावरून अश्रू ओघळत असतात. हे सगळे तिला निर्दोष ठरवण्यासाठी रचलेले खोटे आहे. एकाच भागात त्याने सांगितलेले सत्य हे क्रौर्य आहे आणि सांगितलेले खोटे ही माया आहे. काही प्रेक्षकांनी तो फोन जसाच्या तसा खरा मानला. त्यांना दोष देता येत नाही; पाच वर्षे शब्द पारखायची सवयच लागू दिली नव्हती.

आणि कॅमेरा? तो तरी खरे बोलतो का? चौथ्या पर्वात जेसीच्या ओळखीच्या एका लहान मुलावर विषप्रयोग होतो. वॉल्टर कपाळाला पिस्तूल लावून घेऊन जेसीची खात्री पटवतो, की हे प्रतिस्पर्ध्याचे काम. आपणही ते मानतो. पर्वाच्या अगदी शेवटच्या क्षणी कॅमेरा वॉल्टरच्या परसातल्या एका कुंडीकडे सरकतो: ‘लिली ऑफ द व्हॅली’, विषारी झाड. विष मास्तरानेच घातले होते. चिडून मी आधीचा भाग पुन्हा लावला. त्यात वॉल्टर अंगणात बसून टेबलावर पिस्तूल फिरवतो. दोनदा नळी त्याच्याकडे थांबते. तिसऱ्यांदा थांबते ती त्या कुंडीच्या दिशेने. म्हणजे पुरावा डोळ्यांसमोर ठेवला होता. आपण वॉल्टरच्या चेहऱ्याकडे पाहत होतो.

राहता राहिला शेवटच्या भागातला कबुलीजबाब. तो स्कायलरला चोरून भेटायला येतो, ती त्याला तोडते, की पुन्हा ‘घरच्यांसाठी’ म्हणू नकोस. आणि तो म्हणतो, की स्वतःसाठी केले, मला आवडत होते, मला ते उत्तम येत होते. हे मानायचे का? साक्षीपुराव्याच्या कायद्यात स्वतःच्या हिताविरुद्ध केलेल्या विधानाला वजन देतात, कारण ते करणाऱ्याला काही मिळत नाही, असलेले जाते. वॉल्टरचे इथे अखेरचे भांडवल जाते. म्हणून मी मानतो. पूर्ण सत्य म्हणून नव्हे. त्यात आठ कोटींची ती नोंद बसत नाही. मायेचा भाग खरा होता. ती कारण म्हणून दाखवली, तिथे नोंद चुकीच्या खात्यावर गेली.

त्याच भागात तो उरलेले ९७ लाख २० हजार डॉलर इलियट-ग्रेचेनच्या टेबलावर ठेवून येतो, धाक घालून, मुलाच्या अठराव्या वाढदिवशी ट्रस्ट करण्यासाठी. पैसे पोचले तर त्यांच्या नावाने पोचतील. ज्यांचा एक छदाम नको म्हणून हे सारे सुरू झाले, त्यांच्याच नावाने. मग तो गुंडांच्या अड्ड्यावर जातो, सूड उगवतो, जेसीला मोकळे करतो आणि पोटात गोळी घेऊन तिथल्या प्रयोगशाळेत शिरतो. पोलिसांच्या गाड्या जवळ येत असतात. तो एकेक उपकरण हाताळत, काच पाहत, मापकावर टिचकी मारत फिरतो. स्टीलच्या टाकीवर त्याच्या रक्ताळलेल्या हाताचा फराटा उमटतो आणि तो कोसळतो. या साऱ्या वेळात तो कोणाला काहीच सांगत नाही. चेहऱ्यावर समाधान असते.